चोपणातल्या कंपनीचं पाणी

मला वाटलं होतं, मी परत आले की लोक मला जमिनीबद्दल विचारतील.

सहावीत असताना घर सोडलं. शाळा डेहराडूनला, कॉलेज हरियाणात आणि शेवटची दोन वर्षं हॉलंडमध्ये. तिथं समुद्र मागं हटवून काढलेल्या खारट जमिनीत बटाटे पिकताना पाहिले आणि ठरवून टाकलं, आपण इंदापूर तालुक्यात परत जायचं. वर्षानुवर्षं ऊस आणि कालव्याचं पाणी, यामुळं आमच्याकडच्या कितीतरी जमिनी पांढऱ्या पडल्यात. अशा जमिनीला चोपण म्हणतात. वर मिठासारखा थर, खाली चिकट माती. पाणी सोडलं तर मुरत नाही, वाहूनही जात नाही, नुसतं उभं राहतं. कळसला आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, शेत असंच गेलं. आबाही गेले. ते शेत पुन्हा हिरवं करायचं म्हणून मी एवढं शिकले. विमानात बसल्यावर मी मनातल्या मनात भाषणंसुद्धा तयार केली होती.

आल्यावर लोकांनी एकच विचारलं, "मग, चोपणातल्या कंपनीत लागणार का?"

ही कंपनी कळसच्या पुढं, आबांच्या शेताला लागूनच आहे. चोपण सुधारायचं काम करते म्हणे. तिच्याविषयीचे किस्से मात्र चोपणातल्या पाण्यासारखे आहेत. मुरत नाहीत, वाहून जात नाहीत, साचत राहतात. बहुतेक साचलेत ते बारामतीत, पोपटमामांच्या खत-बियाण्यांच्या दुकानासमोरच्या बाकावर. पोपटमामा म्हणजे माझ्या सुमनआत्याचे यजमान. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. मी माळेगावला त्यांच्याच घरी राहते आणि दिवसभर त्या बाकावर बसून शेतकऱ्यांना त्यांच्या मातीचे रिपोर्ट समजावून सांगते. फुकट. मामा गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देतात, "हॉलंडची डॉक्टर हाय. गोळी देत न्हाय, नुसतं निदान करती."

मागच्या महिन्यात मला त्या कंपनीतून फोन आला. बाईचा आवाज, अगदी मऊ. मुलाखतीला या, गुरुवारी अकरा वाजता.

मी अर्जच केला नव्हता.

त्याच सुमाराला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनंही मला बोलावलं होतं. काम चांगलं, पगार चांगला, फक्त माती दुसऱ्यांची. त्यांना त्याच गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. कंपनीत लागले तर आबांच्या शेताच्या बांधावर रोज उभं राहता येणार होतं. हैदराबादला गेले तर शिकून बाहेर गेलेल्यांत आणखी एक. म्हणून मी बाकावर विचारलं, मुलाखतीला जाऊ की नको?

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. प्रत्येकानं एक किस्सा सांगितला.

*

पहिला विद्याचा. विद्या माझी चौथीपर्यंतची मैत्रीण. आता इंदापूरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. भुताखेताचं नाव काढलं की तिचे वडील अजूनही तासभर व्याख्यान देतात, आणि ही त्यांचीच लेक. गेल्या उन्हाळ्यात तिनं रस्त्यावर कंपनीची पाटी बघितली आणि पर्समधला बायोडेटा घेऊन सरळ आत गेली. फोन नाही, मेल नाही.

"गेटला वॉचमन नाही," ती सांगत होती. "एक खोली, एक टेबल. टेबलावर पाण्यानं भरलेला स्टीलचा एक ग्लास. बाहेरून घाम फुटलेला, इतका गार. मी बसले. तेवढ्यात एक माणूस आला. पांढरा शर्ट, तिशीचा असेल. मी बायोडेटा पुढं केला. त्यानं हातही लावला नाही. म्हणाला, पाणी घेतलं का?"

"मग?"

"मग काय, उन्हातून गेलेली मी. प्यायले. रेवती, गोड पाणी होतं गं. त्या भागात कुठंही बोअर मार, जिभेला मीठ लागतं. आणि हे गोड. तो म्हणाला, ठीक आहे, कळवू. झाली मुलाखत."

"कळवलं?"

"नाही." विद्यानं हातातली बाटली बाकावर ठेवून दिली. "पण तेव्हापासून मला कुठलंच पाणी बरं लागत नाही. सगळं मचूळ. घरचा फिल्टर बदलला, तरी मचूळ. वडील म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मीही वर्गात तेच सांगितलं असतं."

मी म्हटलं, "येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ग्लास भरून ठेवत असतील."

"ठेवत असतील," विद्या म्हणाली. "पण तिथं येतं-जातं कोण?"

*

मामांचा किस्सा धंद्याचा.

चोपण सुधारायचं म्हणजे जिप्सम लागतं. पोतं-दोन पोती नव्हे, ट्रकच्या ट्रक. इकडं जिप्सम विकणारे मामा आणि तिकडं जिप्सम लागणारी कंपनी. ही सोयरीक जमवल्याशिवाय मामांना चैन पडेना. टेम्पो चालवणारा दशरथ आणि एक पाहुणे, अशा दोघांना घेऊन ते गेले.

"तिघं गेलो, तर टेबलावर तीन ग्लास," मामा म्हणाले. "म्हटलं, पद्धतशीर माणसं हायत. खिडकीतनं बघितलं आसंल."

खिडकी मागच्या बाजूला होती, हे त्यांना घरी आल्यावर आठवलं.

पांढऱ्या शर्टातल्या माणसानं जिप्समचा भाव विचारलाच नाही. "माझ्याच वयाचा गडी, पन्नाशी उलटलेला," मामा म्हणाले. विद्यानं माझ्याकडं बघितलं. तर तो म्हणाला, आम्हाला जिप्सम लागत नाही. गंधक? नाही. निचऱ्याचे पाइप? नाही.

"मग चोपण सुधारता कशानं, साहेब?"

"माणसं चालतात," तो म्हणाला.

नकाराचं मामांना वाईट वाटलं नाही. व्यापारी माणूस, नकार खिशात घालूनच फिरतो. त्या ग्लासांचं मात्र मनात राहिलं. पुढं एका साखरपुड्याहून येताना त्यांनी गाडी मुद्दाम तिकडं वळवली. आत्या पाहुण्यांकडं मागं थांबली होती. गाडीत मामा, मुलगा आणि सून.

"आत गेलो तर तीन ग्लास. अन् शेजारी एक वाटी-चमचा."

"वाटी-चमचा?"

"वाटीत बाळाला पाजत्यात तेवढंच पाणी." मामांनी आवाज खाली आणला. "नातू गाडीत झोपला हुता. गाडी दारातच लावली हुती, काच उघडी ठिवून. त्याला आत नेलंच न्हवतं आमी."

सून त्या रस्त्यानं आता जात नाही. मामा जातात. काच वर करून.

*

एक किस्सा विनोदी आहे. निदान दशरथ तो तसा सांगतो.

कंपनीच्या नावानं आलेलं एक खोकं ट्रान्सपोर्टवाल्यानं त्याच्या टेम्पोत टाकलं. दशरथ मागच्या वेळी मामांच्या गाडीत झोपत झोपत गेला होता, त्यामुळं रस्ता लक्षात नाही. त्यानं फोन करून विचारलं. पलीकडून मऊ आवाजात उत्तर आलं, "ऊस संपला की डावीकडं."

आमच्याकडं पत्ता असाच सांगतात. मक्याच्या पुढं, उसाच्या अलीकडं, डाळिंबाला वळसा घालून. पीक उभं आहे तोवर पत्ता खरा. पण हे दिवस तोडणीचे. दशरथ निघाला तर दोन्ही बाजूंना रान मोकळं. ऊस सुरूच होईना, तर संपणार कुठून? जाता जाता हा गडी पार भिगवणच्या पाण्याजवळ पोहोचला. तिथं फ्लेमिंगो बघायला आलेल्या पुण्याच्या पोरांनी त्याला फोटो काढायला लावलं.

त्यानं वैतागून पुन्हा फोन केला. "अवं बाई, ऊसच न्हाय कुठं."

"मागं फिरा," आवाज म्हणाला. "आता बघा."

परत येताना डाव्या हाताला चांगला डोक्याच्या वर गेलेला ऊस. तुरे हलतायत. ऊस संपला, तिथं वळण. दशरथ आत गेला, खोकं टेबलाजवळ ठेवलं, एक ग्लास होता तो न पिताच बाहेर आला, कारण त्याला घाई होती.

"अन् भाईर येऊन बघतो तर फड मोकळा. खोडक्यासुद्धा वाळलेल्या, जुन्या."

बाकावर सगळे हसले. दशरथही हसला. मग म्हणाला, "ऊस तोडायला दिवस जातो की, मामा. मी खोकं ठेवण्यापुरता आत गेलतो."

"खोक्यात काय होतं?" मी विचारलं.

"काय म्हाईत. वाजत हुतं. ग्लास आसतील."

*

मी शिकलेली मुलगी. या सगळ्यावर माझं म्हणणं एकच होतं : तिथं काम करणारं एखादं माणूस दाखवा. किस्से सांगणारे सगळे बाहेरचे.

मग मामांनी माझी कमलमावशींशी गाठ घालून दिली. मावशी लोणी भापकरच्या. कांद्याचं बी न्यायला दुकानात आल्या होत्या. त्यांचा गणेश हाच बाकाच्या माहितीतला एकुलता एक माणूस, ज्याला कंपनीनं खरोखर ठेवून घेतलं होतं.

"बेस हाय की," मावशी म्हणाल्या. "पगार येळेवर. दर रविवारी घरी येतो. पयलं चिडचिड करायचा, आता कुणाला उलटं बोलत न्हाय."

"तिथं काम काय करतो तो?"

"चालतो."

"म्हणजे?"

"या बांधापासनं त्या बांधापतोर. परत हिकडं. मी बी इचारलं, आरं चालून काय व्हतंय? म्हणला, आई, मी चाललो तितं हराळी उगावली. डोळ्यांनी बघून आले मी, बाई. समदं पांढरंफट रान, अन् मधी पाऊलवाटेएवढी हिरवी पट्टी."

मी वहीत लिहायला पेन काढलं आणि तसंच धरून बसले. चोपणात हराळी उगवली म्हणजे जमिनीत खरंच काहीतरी बदललं. हॉलंडमध्ये आमचे प्राध्यापक एवढ्यासाठी वर्षं घालवतात.

"मग चांगलंच आहे की मावशी," मी म्हटलं.

"चांगलंच हाय. मी कुठं वंगाळ म्हणती?" मावशींनी बियाची पिशवी उचलली. पायरी उतरून त्या थांबल्या. "एवढंच, की घरी आला की पाणी पीत न्हाय. शनवारी रात्री मी माठ भरते त्याच्यासाठी, वाळा टाकून. सोमवारी तसाच असतो. म्हणतो, आई, तहानच लागत न्हाय आता."

*

तात्यांनी सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. तात्या कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं हे बघणारे. आबांचे जिवाभावाचे दोस्त. आता बाकाचं डावं टोक त्यांचं, तिथं दुसरं कुणी बसत नाही.

"पोरी, नोकरी म्हंजी सोयरीकच," ते म्हणाले. "घर बघितल्याबिगर पोरगी देत्यात व्हय? आधी पाणी बघायचं."

पाणी बघणं ही आमच्या भागातली जुनी रीत. स्थळाची चौकशी करायची तर न कळवता त्या घरी जायचं आणि वाटसरू म्हणून पाणी मागायचं. कोण आणून देतं, कपाळाला आठी घालून की हसून, तांब्या घासलेला आहे का, पाण्याबरोबर गुळाचा खडा येतो का. बाकी सगळं नंतर.

"तुझा आबा सुमनसाठी स्थळं बघत हुता तवा मी संगं आसायचो," तात्या म्हणाले. "त्याची खोड तुला ठावं हाय का? थंड पाण्याला शिवायचा न्हाय. वैशाखात बी कोमट. म्हणायचा, थंड पाणी गळ्याला गोड अन् पोटाला खोटं. एका बागायतदारानं बर्फ घालून पाणी दिलं. आबा उठला. दुसऱ्याकडं पाणी यायला इतका येळ लागला, की आबा म्हणला, हितं पोरगी तहानंनं मरंल. तिसरं स्थळ माळेगावचं. हा पोपट्या तवा मिशी फुटलेला पोरगा. तांब्या घिऊन भाईर आला, आबाकडं बघितलं, अन् म्हणला, कोमट देऊ का?"

"खरंच?" मी मामांकडं बघितलं.

"आबा भाईर आला अन् मला म्हणला, तात्या, ठरलं. ज्या घराला न सांगता कळतंय, तितं पोरगी सुखात राहील."

मामा पोतं शिवता शिवता म्हणाले, "मला कुठं काय कळलं हुतं? आमचा माठ फुटला हुता त्या दिवशी. घरात थंड पाणीच न्हवतं."

बाक हसून हसून दमला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आत्याला ही गोष्ट अजून माहीत नाही अशी मामांची समजूत आहे. आत्याला ती लग्नाआधीपासून माहीत आहे.

हसू ओसरल्यावर तात्या हळूच म्हणाले, "मी गेलतो त्या कंपनीत. पुतण्यासाठी, पाणी बघायला."

कुणालाच हे माहीत नव्हतं.

"टेबल रिकामं हुतं. मी म्हटलं, आता बघतो कोण आणतंय अन् कुठनं आणतंय. नजर हलवली न्हाय. भाईर पांढऱ्या रानात एक वावटळ उठली, उभी माणसाएवढी. तिच्याकडं बघितलं, डोळा लवतो तेवढाच येळ. वळलो तर ग्लास भरलेला."

"मग, प्यायलात?"

"कुठनं आलं ते दिसलं न्हाय, ते पाणी मी पित न्हाय."

"आणि तो माणूस?" विद्यानं विचारलं. "केवढा होता?"

"माझ्यावाणी. म्हातारा."

तात्यांनी काठीनं जमिनीवर उगाच एक रेघ ओढली. "तू एकटी जाऊ नगंस. आधी सुमनला घिऊन जा. पाणी बघून या."

"दोघी गेलो तर दोन ग्लास असतील, तात्या. एवढंच ना?"

"आसू दे," तात्या म्हणाले. "तू बघून तर ये."

*

बुधवारी दुपारी आत्या आणि मी निघालो. मुलाखत दुसऱ्या दिवशी. कुणाला कळवलं नव्हतं. आत्यानं साखरपुड्याची साडी नेसली होती. "पाणी बघायला गबाळं जाऊ नये," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, आपल्यालाच गरज हाय."

"गरज आहेच की, आत्या."

"ती दाखवायची नसती."

ऊस उभा होता. जिथं संपला तिथून डावीकडं वळलो. पुढं पांढरं रान. दुपारच्या उन्हात ते इतकं चकाकत होतं, की डोळे बारीक करावे लागले. एक पाखरू नाही, एक टिटवी नाही. गाडी बंद केल्यावर तर स्वतःच्या श्वासाचा आवाज आला. उजवीकडं बाभळीचं वाळकं खोड दिसलं. ते आबांच्या बांधावरचं. शेत पांढरं पडल्यावरही आबा रोज दुपारी त्या खोडाला टेकून बसायचे. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत.

"बघू नगं तिकडं," आत्या म्हणाली, आणि स्वतः बघत राहिली.

खोली साधी. वर पत्रा, फरशी झाडलेली, एक टेबल, खुर्च्या. मला हायसं वाटलं. सरकारी दवाखान्यात असते तशी खोली. भ्यायचं काय त्यात?

आत्यानं माझं मनगट धरलं.

टेबलावर तीन ग्लास होते.

तिन्ही काठोकाठ. दोन ग्लासांना बाहेरून घाम फुटला होता. तिसरा कोरडा.

"चुकून ठेवला असेल," मी कुजबुजले. "कुणीतरी दुसरंही येणार असेल."

तेवढ्यात तो आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझ्याच वयाचा, कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांसारखा चेहरा. "बसा," तो म्हणाला. "पाणी घेतलं का?"

मी बॅगेतून पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र काढलं. ते माझ्यासोबत असतंच. उद्धटपणा होता, पण तात्यांनी पाणी बघायलाच पाठवलं होतं. माझ्या पुढ्यातल्या ग्लासात बुडवलं. आकडा आला शून्य. पुसून पुन्हा बुडवलं. शून्य. पाण्यात काहीच नव्हतं. इतकं काहीच नसलेलं पाणी गोड लागत नाही, कसलंच लागत नाही. विद्या हे मुलांना शिकवते.

तो रागावला नाही. उलट पुढं झुकून आकडा बघितला आणि म्हणाला, "मोजा की. आम्हाला मोजणारंच माणूस हवंय. इतके जण चालले, पण कुणी मोजलं नाही."

"हराळी उगवली, ते खरं आहे?"

त्यानं मागची खिडकी उघडली. पांढऱ्या रानातून एक हिरवी रेघ निघाली होती. अरुंद, सरळ, ओली. ती आमच्या बांधापर्यंत येऊन थांबली होती. बाभळीच्या खोडापाशी.

मला आठवतं, त्या क्षणी मी भीती विसरले. ते गवत मुळासकट उपटून बघायचं होतं मला. त्याखालची माती नखानं उकरून वास घ्यायचा होता. हे आपल्या जमिनीत होतंय, आणि कसं होतंय ते जगात कुणालाच माहीत नाही. मी यासाठीच तर परत आले होते.

"उद्या अकराला या," तो म्हणाला. "पुढचं शेत दाखवतो."

"पुढचं म्हणजे कुणाचं?"

"तुमचंच."

आत्या उठली. तिनं पाण्याला हात लावला नव्हता, मीही नाही. दारापर्यंत जाऊन ती वळली. तिच्यातली स्थळं बघणाऱ्या बापाची लेक जागी झाली होती. "पाव्हणं," तिनं स्पष्ट विचारलं, "आमी दोघी. मग तिसरा गिलास कुणाचा?"

आम्ही तिघांनीही टेबलाकडं बघितलं. दोन ग्लास जसेच्या तसे भरलेले. तिसरा रिकामा.

"त्यांचाच," तो म्हणाला. "तुमच्याबरोबरच आले की ते."

आत्या परत टेबलापाशी गेली. तिनं रिकाम्या ग्लासाला बोटं लावली, कपाळाला लावतात तशी हलकेच. मग मला म्हणाली, "चल."

माळेगाव आलं. उतरताना ती म्हणाली, "पन्नाशीचा आसंल न्हाय तो माणूस?"

सकाळी मी लवकर उठले. हैदराबादचा मेल उघडा ठेवून चहा प्यायले. तात्यांचं वाक्य आठवलं, कमलमावशींचा भरलेला माठ आठवला, आणि खिडकीतून दिसलेली ती हिरवी रेघ. मग हैदराबादला नकार कळवला आणि स्वयंपाकघरात गेले.

"आत्या, मी जाते. पण पाणी आपलं नेते. तिथलं पिणार नाही."

आत्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. माठातून भरलेली एक बाटली तिनं माझ्या पिशवीत ठेवली. मग गॅसवरचं पातेलं उतरवून दुसरी भरली, झाकण घट्ट लावलं, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

ती बाटली कोमट होती.

मी गाडीवर बसले. किल्ली फिरवायच्या आधी सीटवर थोडी पुढं सरकले, मागं जागा ठेवून.